बारावा कप्पा

यशोधरा माझ्याकडे राहायला आली ती ८ जून २००३ रोजी, रविवारी, सकाळी सव्वानऊला. बरोबर तिची आई शकुबाई, एक पत्र्याची ट्रंक आणि घरच्या इंद्रायणी तांदळाचं गाठोडं. डिंगोऱ्याहून दोन जीपा बदलून रोज नारायणगाव गाठायचं आणि संध्याकाळी परतायचं, यात मुलीचा जीव जात होता. आमच्या यजमानांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. डिंभे धरणाच्या वसाहतीत सतरा वर्षं काढून आम्ही नारायणगावात घर बांधलं होतं. ते गेल्यापासून मागची खोली रिकामीच होती.

"बाई, पोरगी शब्दाची पक्की हाय," शकुबाईंनी जाताना सांगितलं. "फकस्त जेवायची आठवन करा. यंत्रापुढं बसली का तिला भूक लागत न्हाई."

हे किती खरं होतं ते मला आठवडाभरात कळलं.

आमच्या भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. सभासदांची द्राक्षं परदेशी पाठवायची, तर प्रत्येक बागेचा इतिहास ठेवावा लागतो: छाटणी कधी, फवारणी कशाची, किती, पाण्याचा अहवाल काय. तिथे यशोधरा नोंदी टाइप करण्यासाठी रोजंदारीवर लागली होती. जुन्नरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, नंतर इलेक्ट्रॉनिक्सचा एक कोर्स केलेला. चोवीस वर्षांची, सावळी, उंच, बोलायला हळू, पण हसली की शेजारच्या घरात ऐकू जायचं.

मंडळाचे अध्यक्ष चांगदेवअण्णा आळे गावचे. अण्णांना लिलावाचं भारी वेड. पुण्यातली एक कंपनी बंद पडली, तिच्या सामानाच्या लिलावातून त्यांनी टेम्पो भरून यंत्रं आणली: दोन सर्व्हर, डिस्कचं एक उभं लोखंडी कपाट आणि लग्नाच्या साडीच्या खोक्याएवढा एक चपटा डबा. या डब्याला स्टोरेज राउटर म्हणतात. पुण्याचा एक इंजिनिअर दोन दिवस येऊन सगळं जोडून गेला आणि जाताना यशोधराच्या हातात दोनशे चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक ठेवून गेला.

ते पुस्तक आम्ही दोघींनी माझ्या व्हरांड्यात बसून वाचलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे इंग्रजी वाक्य मी सोडवायची आणि अर्थ ती लावायची. मला समजलं ते असं. एका बाजूला सर्व्हर, दुसऱ्या बाजूला डिस्कचे कप्पे, मधे हा डबा. कुठल्या सर्व्हरने कुठला कप्पा उघडायचा याची यादी डब्याच्या पोटात असते. ती यादी गेली, तर कप्प्यात सगळं जिथल्या तिथे असूनही कोणाला काही दिसत नाही. या डब्याला चित्रं नाहीत, माऊस नाही. एक केबल लावायची, काळा पडदा उघडतो, त्यावर इंग्रजीत हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं.

"बाई, याच्यात दोन याद्या असतात," एका संध्याकाळी ती म्हणाली. "एक चालू असलेली, ती नुसती डोक्यात. लाईट गेली की गेली. दुसरी जतन केलेली, ती सुरू होताना वाचतो. आपण काही बदललं आणि सेव्हचा हुकूम दिला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात."

"म्हणजे दिवसभर मनात ठेवलं आणि डायरीत लिहिलंच नाही, तसं," मी म्हटलं.

ती इतकी हसली की समोरची धोंडाबाई दारात येऊन बघून गेली.

मी १९४९ पासून डायरी लिहिते. शाळेत आमच्या सिस्टरनी लावलेली सवय: वर तारीख, वार, हवा, मग जे झालं ते, जे वाटलं ते शेवटी, आणि तेही जागा उरली तर. यशोधराने माझ्याकडून यातलं पहिलं तेवढं घेतलं. निळ्या पुठ्ठ्याची एक मोठी वही आणली. दर शुक्रवारी दुपारी ती राउटरला 'चालू यादी दाखव' असा हुकूम द्यायची, पडद्यावर जे येईल ते वहीशी ताडून बघायची, नवीन असेल ते तारीख घालून हाताने उतरवायची, सेव्ह करायची आणि शेवटी त्या यादीची एक फाईल करून, तिला त्या दिवसाची तारीख नाव म्हणून देऊन, सर्व्हरवर ठेवायची.

अण्णांनी ते पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारला. "राव, येवढी यंत्रं आनली आन् ही पोरगी वहीत लिहिती! उद्या ट्रॅक्टर घेऊन दिला तर त्याच्यामागं बैल बांदशील."

"बैल असलेला बरा अण्णा," ती म्हणाली. "डिझेल संपलं की कळतं."

तीन वर्षं अशी गेली. कप्पे अकरा झाले, सभासद वाढले, आणि यशोधरा रोजंदारीवरच राहिली. कमिटीतल्या काहींचं म्हणणं, यंत्रांची देखभाल पुण्याच्या एखाद्या कंपनीला द्यावी, मुलीबाळींचं काम नव्हे. २००६ च्या सप्टेंबरात अण्णांनी तिला स्पष्टच सांगितलं. "पाच ऑक्टोबरला परदेशातला तपासनीस येनार हाय. चार वर्षांच्या नोंदी बघनार. त्यो खूश हून गेला तर तू कायम. न्हाई तर पुन्याची कंपनी. मंग माझ्यापुढं रडायचं न्हाई."

"मी कधी रडले?"

"न्हाई रडलीस, म्हनून तर आदी सांगतोय."

त्याच महिन्यात आंबेगाव तालुक्यातले त्रेचाळीस बागायतदार मंडळात आले. त्यांच्या बागांच्या नोंदींसाठी नवी डिस्क, म्हणजे बारावा कप्पा हवा होता. नोंदी टाइप करण्यात महिना संपला. शुक्रवारी, २९ तारखेला दुपारी, यशोधराने ती डिस्क कपाटात बसवली, राउटरच्या यादीत घातली, नोंदी तिच्यावर हलवल्या, सेव्हचा हुकूम दिला, फाईलही केली. फक्त वहीत लिहायचं राहिलं. कारण बाहेर तिचा भाऊ राजरत्न जीप घेऊन उभा होता आणि हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याला नागपूरच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. यशोधराचे आजोबा छप्पन साली डिंगोऱ्याहून पायी आणि मिळेल त्या गाडीने नागपूरला पोचले होते. शकुबाईंनी सासऱ्यांच्या तोंडून ती हकिगत इतक्यांदा ऐकली होती, की एकदा ती जागा बघायचीच, हे त्यांनी वर्षभर आधी ठरवलं होतं. रजेचा अर्ज ऑगस्टातच दिलेला. अण्णा कुरकुरले, पण सही केली. "बुधवारी सकाळी हजर पायजे," म्हणाले.

सोमवारी, २ ऑक्टोबरला दसरा. मंडळात दरवर्षीप्रमाणे यंत्रांची पूजा झाली. हे काम सोमाजीचं. सोमाजी शिपाई, साठीकडे झुकलेला, काडीसारखा बारीक, आणि कामात असा चोख की त्याने पुसलेल्या टेबलावर चहा ठेवायला जिवावर येई. नेहमी तो यंत्रांना बाहेरून कुंकू लावून झेंडूची माळ घाली. या वेळी तपासनीस येणार म्हणून त्याने जरा जास्तच मनावर घेतलं. ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं. मग त्याला दिसलं, की डब्याच्या मागच्या बाजूला लहान लहान भोकं आहेत आणि त्यांत धूळ बसलीय. खराट्याची एक बारीक काडी घेऊन त्याने एकेक भोक कोरून साफ केलं. त्यातल्या एका भोकात राउटरला जतन केलेली यादीसुद्धा विसरायला लावणारं बटण होतं.

मंगळवारी अश्विनीने, म्हणजे नोंदी टाइप करणाऱ्या दुसऱ्या मुलीने, संगणक लावला. अकरा कप्प्यांतलं काही दिसेना, बाराव्यातलंही नाही. पुण्याच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी येतो. यशोधराचा मोबाईल लागेना. नागपुरात लाखो माणसं, कोणाचाच लागत नसणार. दुपारी अण्णा माझ्या दारात.

"बाई, तुमची भाडेकरीन कवा येनार?"

"उद्या सकाळी. तुम्हीच रजा दिली होती."

"दिली व्हती ना. सही केलेली बोटं कापावी वाटत्यात. सगळं गायब हाय. परवा त्यो गोरा येनार. कमिटीतले म्हनत्यात, अण्णा, बगा, सांगत व्हतो."

मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार?

बुधवारी सकाळी साडेसातला मायलेकी उतरल्या. दोन रात्री रेल्वेच्या दारात बसून काढलेल्या. शकुबाईंच्या हातात निळा झेंडा आणि चेहऱ्यावर असा आनंद, की बातमी सांगायला माझी जीभ रेटेना. यशोधराने ऐकून घेतलं. मग तोंड धुतलं, ट्रंकेतून निळी वही काढली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही याल? एकीने वाचायला पाहिजे, एकीने टाइप करायला. तुमचं वाचन सुटं सुटं असतं."

"पोरी, खाऊन तरी जा," शकुबाई म्हणाल्या. शेवटी चपातीत गूळ गुंडाळून तिच्या हातात कोंबला.

यंत्रांच्या खोलीत झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या. अण्णा खुर्चीत, अश्विनी दाराशी, सोमाजी टोपी हातात धरून भिंतीला टेकलेला. यशोधराने केबल लावली, काळ्या पडद्यावर हुकूम दिला. उत्तर आलं ते एवढंसं. डबा अगदी कोरा होता.

"आता कुनी केलं ते सांगा," अण्णा गरजले.

"मी केलं," सोमाजी म्हणाला. "काडी घातली. धूळ व्हती, अण्णा. मला काय ठाव त्या भोकात त्याचा जीव हाय!"

"काडी! चार वर्षांच्या बागा एका काडीनं..."

"अण्णा, थांबा," यशोधरा म्हणाली. "काडी घातली ही सोमाजीमामांची चूक. पण डबा विसरला तर त्याला आठवण करून द्यायला मी दर शुक्रवारी फाईल करून ठेवते. एकशे चाळीसच्या वर फाईली आहेत. आणि त्या सगळ्या मी सर्व्हरवर ठेवल्या, म्हणजे याच कपाटातल्या डिस्कवर. ही माझी चूक. मामांच्या चुकीपेक्षा मोठी."

अण्णांना ते समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजी कपाटाची किल्ली कपाटात ठिवून कुलूप लावलं?"

"हो."

"तीन वर्षं?"

"हो."

अण्णांच्या मिशीखाली हसू आलं आणि त्यांनी ते तसंच गिळलं. "आन् हे तू मला तोंडावर सांगतीस. तुझं कायमचं ठरायचं हाय, ठाव हाय ना?"

"ठाऊक आहे. बाई, वाचा. पान पहिलं."

आठ चाळीसला सुरुवात केली. मी एकेक अक्षर, एकेक आकडा वाचायची, ती टाइप करून उलट वाचून दाखवायची, मी 'बरोबर' म्हणायची. प्रत्येक कप्प्याला सोळा अक्षरांचा एक नंबर असतो, आकडे आणि ए पासून एफपर्यंतची अक्षरं मिसळलेला. चुकायला भरपूर जागा. साडेबाराला अकरावा कप्पा उघडला आणि खोडदच्या एका बागेची दोन वर्षांपूर्वीची छाटणी पडद्यावर आली, तेव्हा अश्विनीने टाळीच वाजवली.

बारावा मात्र वहीत नव्हता.

"त्या दिवशी राजरत्न हॉर्न वाजवत होता," यशोधरा पुटपुटली, जणू राउटरलाच सांगत होती. तिने राउटरला विचारलं, तुला कुठकुठल्या डिस्क दिसतात? यादीत न लावलेले तीन नंबर निघाले. एक आमच्या आंबेगावकरांचा आणि दोन कोऱ्या, पुढे लागतील म्हणून ठेवलेल्या. चुकीचा नंबर चुकीच्या जागी दिला, तर सर्व्हर भरलेल्या डिस्कलाच कोरी समजून पुसायला निघू शकतो. त्रेचाळीस बागांच्या महिनाभर खपून केलेल्या नोंदी होत्या त्या.

"डिस्कच्या मागे पट्टीवर नंबर कोरलेला असतो," ती म्हणाली. "पण मागे जाणार कोण?"

कपाट आणि भिंत यांच्यामधे वीतभर जागा. आम्ही सगळ्यांनी सोमाजीकडे पाहिलं.

"मला विंग्रजी येत न्हाई," सोमाजी म्हणाला. "आकडे येत्यात, फोनवरचे. अक्षरं न्हाईत."

"आकार सांगा मामा. कशासारखं दिसतंय ते."

बॅटरी घेऊन सोमाजी आडवा होऊन फटीत शिरला. शुक्रवारी बसवली ती वरून चौथी डिस्क, असं तिने सांगितलं. आतून त्याचा आवाज यायला लागला.

"दोन. शून्य. शून्य. परत शून्य. मंग इळा."

"सी," यशोधराने लिहिलं.

"मंग घडीची शिडी, उभी केलेली."

"ए."

"आता अर्दी भाकर, उभी. तिच्या फुडं नऊ. मंग दोन पोटाचा मानूस."

"त्यो अण्णांवानी का?" अश्विनीने हळूच विचारलं.

"मला ऐकू येतंय," अण्णा म्हणाले.

पंधरा अक्षरं जमली. सोळावं आलं.

"दाताळं हाय," सोमाजी म्हणाला. "पर एक दात मोडलाय वाटतं."

यशोधराचा हात थांबला. मला तिने पडदा दाखवला. उरलेल्या तीन नंबरांतले दोन अगदी सारखे होते, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. एकाचं ई, दुसऱ्याचं एफ. तीन दातांचं दाताळं आणि दोन दातांचं. त्यातली एक डिस्क आंबेगाव, दुसरी कोरी.

"मामा, नीट बघा. दात दोन की तीन?"

"वरचं दोन दिसत्यात. खाली पट्टी घासलीय. चरा हाय का न्हाई, कळंना."

"बोटाने बघा."

"बोटाला काय कळतंय! हाताला घट्टे पडल्यात."

अण्णा खुर्चीतून उठून फटीपाशी येऊन वाकले. मग आतून सोमाजीच म्हणाला, "थांबा. माझ्या खिशात पुजेचं कुंकू राह्यलंय. पुडी हाय."

"आता पूजा नको रे बाबा!" अण्णा ओरडले.

"पूजा न्हाई. बगा तर खरं."

त्याने कुंकू चिमटीत घेऊन पट्टीवर चोळलं आणि वरवरचं फुंकून टाकलं, आमच्या आया जात्यावरची पुसट झालेली खूण बघायला हळद चोळायच्या तसं. कोरलेल्या जागेत कुंकू अडकलं.

"तीन!" सोमाजी आतून ओरडला. "तीन दातं! खालचं बारीक हाय, पर लाल झालंय. शेवटपत्तुर गेलंय!"

"नक्की मामा?"

"ताई, काडी घातली तवा नक्की नव्हतं. हे नक्की हाय."

तिने ई टाइप केलं. मी वाचून घेतलं. एंटर दाबण्याआधी तिने दोन्ही हात मांडीवर पुसले. सर्व्हरने थोडा वेळ घेतला, आणि बारावा कप्पा उघडला. पहिलं नाव मंचरजवळच्या हौशीराम नावाच्या बागायतदाराचं होतं. कधी न पाहिलेल्या त्या गृहस्थाचा त्या क्षणी मला फार आधार वाटला. वेळ दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

यशोधरा हसली, तिचं ते शेजारच्या घरात जाणारं हसू. सोमाजी फटीतून बाहेर आला तो बोटांपासून कोपरापर्यंत लाल. अण्णांनी त्याच्या हातावर थाप मारली आणि त्यांचाही हात लाल झाला. तिने आधी सेव्हचा हुकूम दिला. मग फाईल करायला लागली तशी अण्णा घाईने म्हणाले, "कपाटात ठिवू नगंस!"

ती फाईल सीडीवर गेली. मंडळाच्या इमारतीबाहेर कुठे ठेवावी यावर बोलणं झालं, आणि अण्णांनीच ठरवलं: बाईंच्या कपाटात, डायऱ्यांशेजारी. तिथून सत्तावन्न वर्षांत काही हरवलेलं नाही.

तपासनीस गुरुवारी आला. त्याने मुद्दाम सर्वांत नव्या सभासदांच्या नोंदी मागितल्या. बारावा कप्पा उघडला, त्रेचाळीस बागा एकेक करून दाखवल्या गेल्या. जाताना त्याने विचारलं, बॅकअप कुठे ठेवता? यशोधरा उत्तर द्यायच्या आत अण्णांनी अश्विनीला दुभाषी करून काडीपासून कुंकवापर्यंत सगळं सांगून टाकलं. यशोधरा डोळे वटारत होती, पण अण्णांना आवरणार कोण! तो गृहस्थ आधी गोंधळला, मग त्याने ती पट्टी बघायला मागितली. सोमाजीने आरसा धरून दाखवली.

दिवाळीनंतर कमिटीची सभा झाली. पुण्याच्या कंपनीचा माणूस चांगला कोट घालून आला होता. सभेची हकिगत मला अण्णांनी स्वतः येऊन सांगितली. "त्याला इचारलं, बॅकअप कुठं ठिवनार? म्हनला, तुमी काळजी करू नका. मी कमिटीला म्हनलं, आमच्या पोरीनं सोताची चूक सोताच्या तोंडानं सांगितली. काळजी कुठं करायची ते तिला ठाव हाय. ह्याला अजून ठाव न्हाई. झालं. सह्या घेतल्या." मग खिशातून नेमणुकीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तिला हाक मारा. आन् शकुबाई आलीच हाय तर तिला आज तांदळाची भाकरी करायला सांगा."

त्या दिवशीच्या डायरीत हवा लिहायची राहिली. माझ्या आठवणीत असं तीनदाच झालंय.

दर शुक्रवारी संध्याकाळी यशोधरा एक सीडी आणि एक छापलेला कागद आणून माझ्या कपाटात ठेवू लागली. आणि वहीत लिहिल्याशिवाय उठायचं नाही, बाहेर कोणीही हॉर्न वाजवो, हा नेमही तिने केला. राजरत्नला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या हॉर्नमुळंच ताई कायम झाली." त्यावरून बहीणभावांत अजून वाद आहे.

पुढच्या दसऱ्याला मी मंडळात गेले होते. खोलीच्या दारावर यशोधराच्या अक्षरातला कागद चिकटवलेला: आधी यादी, मग सेव्ह, मग सीडी, मग वही, मग पूजा. ती स्वतः हात जोडत नाही, ते तिच्या घरात छप्पन सालीच संपलं. पण दाराशी उभी राहून सोमाजीचं सगळं होईपर्यंत थांबते.

"ताई, सेव्ह झालं का?" ताट घेऊन सोमाजी विचारत होता.

"झालं मामा."

"मंग लावू?"

"लावा. पण मागच्या बाजूला नको."

"मागं आता जागाच कुठं ठिवलीय तुमी," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. त्या छोट्या भोकावर अश्विनीच्या पाकिटातली एक लाल टिकली घट्ट चिकटवलेली होती.